पंच्याऐंशीची लेन्स आणि शेवंता मावशी

चहा येईपर्यंत मीच सांगून टाकतो. नाहीतर आमची नंदा सांगेल, आणि बायकोनं सांगितलेल्या किश्श्यात नवऱ्याची किती शोभा होते ते तुम्हाला सांगायला नको. तर गोष्ट एका लेन्सची आहे. कॅमेऱ्याची लेन्स. वस्तू मुठीत मावेल एवढी. पण तिनं माझी जी काही लाज काढली, ती करमाडपासून देवगाव रंगारीपर्यंत सांडली आहे, आणि आता गोळा करता येत नाही.

मी शेंद्र्याच्या एका कंपनीत पॅकिंग खात्यात आहे. खोक्यावरचं लेबल सरळ चिकटलंय की वाकडं, हे बघण्यात माझी उमर गेली. विरंगुळा म्हणून कॅमेरा घेतला. पक्षी काढले, देवळं काढली, गच्चीवरून सूर्यास्त काढले. कुणी काही म्हणालं नाही. माणसांचे फोटो काढायच्या भानगडीत मी पडायलाच नको होतं.

पण मागच्या हिवाळ्यात देवगावला शेवंता मावशीकडं गेलो. ही माझ्या आईची थोरली बहीण. सत्तरी कधीच ओलांडली, तरी शेळ्या अजून स्वतः चारते. मुलगा कन्नडच्या साखर कारखान्यावर असतो, घरात ती आणि सून संगीता. मावशीच्या भिंतीवर माझ्या आईचा फोटो आहे. आई गेली तेव्हा घाईत कुणाला धड फोटो सापडेना, म्हणून आधार कार्डावरचाच मोठा करून आणला होता. आधार कार्डावर माणूस कसा दिसतो? आपलं कार्ड काढून बघा, मी कशाला बोलू.

मावशीनं मला त्या फोटोसमोर उभं केलं.

"ही तुझी आई हाय व्हय? शेळी चोरताना धरल्यावानी दिसती. माझं असं करू नका. मी जित्ती हाय तवर माझा एक चांगला फोटो काढ. भिंतीवर शोभंल असा."

आता नाही कसं म्हणणार? सख्खी मावशी, आईच्या माघारी आईसारखी, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिनं माझ्याकडं काही मागितलं. मी म्हणालो, काढतो. असा काढतो की लोक बघत राहतील. हे मात्र शब्दशः खरं ठरलं.

घरी आलो आणि अभ्यासाला बसलो. मला पाहिजे होता तसला फोटो, ज्यात चेहरा लखलखीत आणि मागचं सगळं लोण्यासारखं विरघळलेलं. कारण मावशीच्या खोलीत मागं काय आहे? पत्र्याच्या पेट्या, ज्वारीचं पोतं, दोरीवरचे परकर आणि खताच्या दुकानाचं कॅलेंडर. हे सगळं विरघळवायचं तर प्राइम लेन्स लागते असं समजलं. प्राइम म्हणजे जिला झूम नाही. ती जागची हलत नाही, जवळ-लांब व्हायचं ते आपण आपल्या पायांनी.

त्यातही पस्तीस, पन्नास आणि पंच्याऐंशी. आकडा जेवढा मोठा, तेवढं लांबचं जवळ येतं आणि तेवढं कमी मावतं. मी कंपनीत चार जणांना विचारलं. एक म्हणाला पस्तीस घे, दुसरा म्हणाला पन्नास, तिसऱ्यानं विचारलं की मोबाईल बिघडलाय का. चौथा त्या दोघांशी भांडायला लागला. वैतागून मी व्हिडिओ बघायला लागलो. तिथं मात्र सगळ्या देशांतल्या सगळ्या दाढीवाल्यांचं एकमत होतं. चेहऱ्यासाठी पंच्याऐंशी, दुसरं नाव काढू नका.

व्हिडिओच्या शेवटी प्रत्येक दाढीवाला, "पण तुमचा कॅमेरा क्रॉप सेन्सरचा असेल तर," असं काहीतरी सुरू करायचा. नेमकी तेव्हाच नंदा ताट वाढल्याची हाक मारायची. मी बंद करून जेवायला जायचो. गरम भाकरी सोडून शेवट कोण बघतं?

माझा कॅमेरा क्रॉप सेन्सरचाच आहे. म्हणजे मोठ्या कॅमेऱ्याच्या मानानं आतला सेन्सर लहान. लेन्स बिचारी चित्र पूर्ण पाठवते, पण ह्याच्या हाती मधलाच तुकडा लागतो, कडा कापल्या जातात. त्यामुळं पन्नासची लेन्स पंचाहत्तरसारखी वागायला लागते, आणि पंच्याऐंशीची थेट सव्वाशेच्या पुढं. हे आज मला झोपेतून उठवून विचारा. तेव्हा मात्र भाकरी गरम होती.

औरंगपुऱ्यातल्या एका दुकानात गेलो. दुकानदारानं तिन्ही लेन्स काचेवर मांडल्या. कुठली चांगली विचारलं तर म्हणाला, "साब, ये भी बेस्ट है, वो भी बेस्ट है. बस, वापस नहीं होगी." मी पंच्याऐंशीची लावून बघितली. दुकानात कशावर बघणार, म्हणून दारात आलो आणि रस्त्यापलीकडच्या पेरूवाल्यावर रोखली. काय सांगू तुम्हाला! त्याच्या मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा असा दिसत होता. मागच्या रिक्षा, पाट्या, माणसं, सगळ्यांचं लोणी झालेलं. मी तिथंच विकत घेऊन टाकली.

मावशी काही रस्त्यापलीकडं पेरू विकायला बसणार नाही, हा विचार मला शिवलासुद्धा नाही.

घरी आल्याआल्या नंदाला हॉलमध्ये खुर्चीवर बसवलं. कॅमेऱ्यातून बघितलं तर नाक. मागं सरकलो, तर नाक आणि एक डोळा. पाठ भिंतीला टेकली तेव्हा कुठं भुवया आल्या. नंदा म्हणाली, "तुम्ही फोटो काढताय का मोतीबिंदू तपासताय?" मी बाल्कनीत गेलो. तिथून कपाळापासून हनुवटीपर्यंत चेहरा आला, पण तेवढ्यात आतून दार लागलं. वारा होता असं ती म्हणते.

दुकानदाराकडं परत जायची सोय नव्हती. मग मी स्वतःची समजूत घातली की फ्लॅट म्हणजे खुराडं, त्याला लेन्स काय करणार? देवगावला जागाच जागा आहे. नंदानं विचारलं, अहो, पण मावशींची खोली आपल्या हॉलएवढीच नाही का? मी म्हणालो, तुला त्यातलं कळत नाही.

रविवारी सकाळच्या एसटीनं देवगावला पोचलो. मावशी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून, कपाळाला बुक्का लावून खाटेवर बसली होती. एवढी नटून बसलेली बघून मला भरून आलं. कॅमेरा लावला. बुक्का दिसला. फक्त बुक्का.

मी मागं सरकत दारात आलो. मग ओट्यावर आलो. ओट्यावरून उतरून गल्लीत गेलो, तेव्हा कुठं चेहरा मावला, पण आता आत सगळा अंधार. शेवटी मावशीला विनवून ओट्यावर बसवलं आणि मी पुन्हा गल्लीत गेलो. मला चेहराच नाही, खांद्यावरचा पदरसुद्धा पाहिजे होता. म्हणून आणखी मागं. गल्ली संपली. पलीकडं शेजारच्या चंद्रकलाबाईचा उकिरडा होता, त्याच्या काठावर उभा राहिलो.

मावशी ओरडली, "अरं, मागं मागं कुठं चालून राहिला? राग आला का काही?"

दोघांच्या मधून आता अख्खं गाव जात होतं. मोटारसायकली, दुधाच्या किटल्या, एक ट्रॅक्टर. मावशीला ऐकू जरा कमी येतं आणि मी एवढ्या लांब. मग चंद्रकलाबाई पाण्याचा हंडा घेऊन मध्ये उभी राहिली आणि माझं बोलणं तिकडं पोचवायला लागली. मी म्हणालो, मावशी, जरा हस. चंद्रकलाबाईनं सांगितलं, जरा बस. मावशी म्हणाली, "बसलीच हाय की. आता काय निजू?"

जाणारा-येणारा थांबून विचारायचा, काय चाललंय? चंद्रकलाबाई सगळ्यांना एकच सांगत होती, शेवंताबाईचा भिंतीवर लावायचा फोटो काढून राहिले. ऐकणारा मावशीकडं बघायचा, मान हलवायचा आणि गप पुढं जायचा. मला तेव्हाच शंका यायला पाहिजे होती. पण माझं अर्धं लक्ष उकिरड्यात पाय जाऊ नये ह्याच्याकडं होतं.

शेवटी एक फोटो आला. खोटं बोलत नाही, माझ्या हातून असला फोटो आजवर निघाला नव्हता. मावशी कुणाकडं तरी बघतेय, डोळ्यांत ऊन उतरलंय, सुरकुती न् सुरकुती स्पष्ट. मागचं सगळं विरघळलेलं. फक्त दाराशी ठेवलेलं निळं पिंप होतं. ते विरघळूनही निळंच राहिलं होतं. मग मी फोटो मोबाईलवर घेऊन काळा-पांढरा करून टाकला. काय रुबाब आला म्हणता!

तो मी आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "आपली शेवंता मावशी." आणि पुढं हात जोडल्याचं चिन्ह. वडीलधाऱ्या माणसाचा फोटो टाकताना नमस्कार करावा, एवढे संस्कार आहेत आपल्यावर. मग मोबाईल आत चार्जिंगला लावला आणि जेवायला बसलो. संगीतानं येसरची आमटी केली होती.

तुमच्या आलं लक्षात. तुम्ही हसताय. माझ्या तेव्हा नाही आलं.

निवांत जेवून उठलो तर मोबाईल वाजत होता. नंदा होती, आणि रडत होती. हुंदके देत म्हणाली की मला घरच्या माणसाला आधी फोन करायचा सोडून तुम्ही ग्रुपवर टाकलं, मी निघतेय, मातीला किती वाजता नेणार? मी म्हणालो, कुणाला नेणार? तर ती म्हणाली, "असं काय करताय हो? सावरा स्वतःला."

मावशी शेजारीच सुपारी कातरत होती. तिनं माझ्या हातातून फोन घेतला. "कोण, नंदा का? का गं रडती? ह्यानं मारलं का तुला?"

पलीकडचं रडणं तुटलं. मग नंदानं मावशीला काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, पण मावशीनं अडकित्ता खाली ठेवला आणि माझ्याकडं नुसतं बघितलं. आईच्या फोटोतली नजर मला तेव्हा कळली. घराण्यातच आहे ती.

मी ग्रुप उघडला. माझ्या फोटोखाली भावपूर्ण श्रद्धांजलीची रांग लागली होती. सुरतेच्या चुलत आत्येभावापासून ते कुणाच्या तरी व्याह्यापर्यंत. एकानं तर तेवढ्यात माझ्या फोटोला झेंडूचा हार आणि दोन समया लावून परत टाकला होता. आणि सगळ्यात वर्मी काय लागलं सांगू? खाली तिघा-चौघांनी लिहिलं होतं, फोटो किती सुंदर आहे, कुणी काढला? कॅमेरा घेतल्यापासून मला मिळालेली ही पहिली शाबासकी.

घाईघाईनं खुलासा टाकला. मावशी ठणठणीत आहे, गैरसमज नसावा, फोटो सहज काढला होता. त्याच्याखाली लगेच तिघांची श्रद्धांजली. ग्रुपवर वरचं कुणी वाचत नाही. मी पुन्हा लिहिलं, मावशी जिवंत आहे. एका चुलत्यानं उत्तर दिलं, "खरं आहे. आपल्या आठवणींत ती कायम जिवंत राहील."

डोकं आपटावं असं वाटत होतं, आणि मावशीला मात्र आता गोडी लागली होती. तिनं मला सगळ्या श्रद्धांजल्या मोठ्यानं वाचायला लावल्या. एकेका नावाला ती मान डोलवत होती, मध्येच "बरं" म्हणत होती. कुणीतरी लिहिलं होतं की मावशीच्या हातची पुरणपोळी कधी विसरणार नाही. मावशी म्हणाली, "ह्यो कधी माझ्या दारात पाणी प्यायला नाय. पुरणपोळी कुठून खाल्ली?" आणि सगळं वाचून झाल्यावर हळूच विचारलं, करमाडचं काही आलं का?

करमाडला तिचा धाकटा भाऊ राहतो. माझे दगडूमामा. ह्या दोघांचं बरीच वर्षं बोलणं नव्हतं. कारण विचाराल तर हसू येईल. मावशीच्या मुलाच्या लग्नात मामांना फेटा व्याह्यांच्या नंतर बांधला गेला. बस, एवढंच. मामा भरल्या मांडवातून उठून गेले ते गेले. मधे बारशी झाली, जावळं झाली, माझी आई गेली, तेव्हासुद्धा हे दोघं दोन टोकांना बसून रडले.

करमाडचं काही आलेलं नव्हतं. मावशी म्हणाली, "नसंल आलं." आणि सुपारी कातरायला लागली. कातरलेली सुपारी तिनं खाल्ली नाही.

दुपार कलायला लागली तशी गल्लीत एक जीप येऊन थांबली. जीपमधून दगडूमामा उतरले. पांढरं धोतर, डोक्याला नुसता रुमाल, डोळे लाल. मागं मामी आणि माझा मामेभाऊ राजू. नंतर कळलं ते असं. राजूनं ग्रुपवर फोटो बघितला, मला फोन लावला, तो लागला नाही. मग त्यानं चंद्रकलाबाईला लावला, कारण तिचं माहेर करमाडचं. त्यानं विचारलं, ग्रुपवर फोटो आलाय, खरं का? ती बाई पाण्याच्या गडबडीत होती. ती म्हणाली, व्हय, फोटो तर सकाळीच काढला भिंतीवर लावायला, लई लोकं जमली व्हती. झालं. मामांनी वहाणासुद्धा न घालता जीप मागवली.

मामा तसेच अनवाणी ओट्याकडं धावले. "आक्का," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. आणि आक्का समोर ओट्यावर पाय सोडून बसलेली, मांडीवर शेळीचं करडू.

मी खोलीत लपावं का उकिरड्यात, ह्या विचारात होतो.

मामा उभे, मावशी बसलेली. मावशी म्हणाली, "आलास? मी मेल्याबिगर यायचं नाय असं ठरवलं व्हतंस ना. मंग आता कसं करायचं?"

मामा ओट्याच्या पायरीवर खालीच बसले. रुमालानं तोंड झाकून रडायला लागले. मावशीनं करडू खाली सोडलं, उठली, आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. रडता रडता मामा म्हणाले, "वाटेत मला लई वाटलं, आक्का. फेट्यापायी गेलो मी. नुसत्या फेट्यापायी."

मावशी म्हणाली, "तो फेटा आधी तुलाच बांधायचा व्हता. त्या बांधणाऱ्याला कळलं नाय."

"त्याला काय कळत नव्हतं? तू सांगायचं ना."

"मी आत बायकांत. मी कशी सांगू?"

आणि संगीता चहा घेऊन येईपर्यंत दोघं कडाकडा भांडायला लागले. फेटा कुणी आणला, कुठल्या रंगाचा होता, पहिला कुणाला. पण भांडता भांडता मामा सरकत सरकत पायरीवरून ओट्यावर तिच्या शेजारी येऊन बसले होते. तिनं आपल्या बशीतला अर्धा चहा त्यांच्या बशीत ओतला. ओतताना भांडण थांबवलं नाही.

मी जरा धीर करून मध्ये आलो. वाटलं, आता कुणीतरी म्हणेल, तुझ्यामुळं एकत्र आलो. मामा माझ्याकडं वळले आणि म्हणाले, "हा फोटो तूच काढला का?" मी नम्रपणे हो म्हणालो. ते म्हणाले, "पुन्हा कुणाचा काढू नको."

पण मावशीला आता दोघांचा फोटो पाहिजे होता. आत्ताच्या आत्ता, असाच, ओट्यावर. तिच्या शब्दापुढं मामांचं चालत नाही. माझं तर नाहीच. मी धावत कॅमेरा आणला. तोपर्यंत दोघं कसे बसले होते सांगू, मामांचा रुमाल तिच्या मांडीवर, तिचा हात मामांच्या गुडघ्यावर, दोघांचे डोळे सुजलेले आणि चेहरे एकदम हलके. असलं चित्र आयुष्यात एकदा मिळतं. मी कॅमेरा डोळ्याला लावला. मामांचा कान दिसला.

एका माणसाला गल्ली लागली होती. दोघांना किती लागेल ह्याचा हिशोब करत मी मागं निघालो. गल्ली, गल्लीचा काठ, उकिरडा. अजून मामांचा खांदा कापला जात होता. मी म्हणत होतो, हलू नका, आलोच, हलू नका. आणखी मागं. चंद्रकलाबाईच्या शेळ्यांचं दावं लागलं. एका शेळीनं माझ्या पिशवीचा पट्टा तोंडात धरला. मी एक पाय उकिरड्यात रोवला, पाठ कुडाला लावली, गुडघ्यात वाकलो, आणि एकदाचे दोघं पूर्ण मावले. बटण दाबणार, तेवढ्यात जीप मध्ये आली. राजू ती वळवून लावत होता.

जीप गेली तेव्हा ओट्यावर कुणी नव्हतं. दोघं आत जेवायला गेले होते.

मग फोटो कुणी काढला? संगीतानं. मी मागं मागं जात होतो तेव्हा ती ओट्याच्या कडेला उभी राहिली, तिचा साधा मोबाईल धरला आणि म्हणाली, "आत्याबाई, मामा, इकडं बघा." दोघांनी माना वळवल्या, तिनं काढला, संपलं. तोच फोटो कन्नडला नेऊन मोठा करून आणलाय. माझा तो सुंदर काळा-पांढरा फोटो लावायला मावशीनं साफ नकार दिला. म्हणाली, त्याच्यावर एकदा रडून झालंय सगळ्यांचं.

संगीताच्या मोबाईलमध्ये मागचं काहीच विरघळत नाही. सगळं जसंच्या तसं स्पष्ट येतं. निळं पिंप, गल्ली, जीपचं तोंड, कूड. मावशीकडं आता कुणी पाहुणा आला की ती त्याला भिंतीशी नेते. ही मी, हा माझा भाऊ, सगळं बोटानं दाखवते. पाहुणा जरा वाकून बघतो आणि विचारतो, आणि मागं हा उकिरड्यात पाय रोवून, शेळीच्या तोंडात पट्टा देऊन वाकलेला माणूस कोण?

मावशी म्हणते, "त्यो व्हय? त्यो आमचा फोटोग्राफर."